आपला हिशेब आपण मांडायला शिकू या

(भूम येथे महाविद्यालयीन तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो असा : संख्याशास्त्र आणि व्यवसायातले डेटा ॲनालिटिक्स कुठे शिकावे, कोणाबरोबर शिकावे. मी ह्याच तालुक्यात वाढलो. पुण्यात एका कंपनीत डेटा विश्लेषणाचे काम करतो. नात्यातली, ओळखीची मुले फोन करून एकच प्रश्न विचारतात, "भाईजान, कोणता कोर्स लावू?" आज त्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देणार आहे.

आधीच सांगून टाकतो. ह्या विषयातले उत्तम शिक्षण आज बहुतांशी फुकट आहे. भूममध्ये बसून मोबाइलवर ते जसे दिसते, तसेच ते मुंबईत दिसते. आपल्याकडे कमी आहे ती दोन गोष्टींची : बरोबर बसून शिकणारी माणसे, आणि शिकताना सोडवायला आपला स्वतःचा प्रश्न. ह्या दोन्ही गोष्टी पैसे देऊन मिळत नाहीत, पण गावात तयार करता येतात.

आकडा कोण मांडतो?

संख्याशास्त्र हे शहरातल्या कंपन्यांचे काम आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटू शकते. म्हणून तीन उदाहरणे देतो.

पहिले मराठवाड्याचे. 'अनुशेष' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. मराठवाड्यावर अन्याय झाला हे लोक पूर्वीपासून म्हणतच होते. पण १९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीजपंप असे एकेक क्षेत्र घेऊन प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजले आणि ती तूट भरून काढायला किती पैसे लागतील हे १९८४ मध्ये मांडले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. त्या दिवसापासून तक्रारीची मागणी झाली. आकडा बरोबर की चूक यावर वाद घालता येतो, पण आकडा नसला तर वादही नीट घालता येत नाही.

दुसरे उदाहरण शेतीचे. पीकविमा किती मिळणार हे ठरवताना पीक कापणी प्रयोग धरतात. महसूल मंडळातली काही शेते निवडायची, त्यातला ठरावीक आकाराचा तुकडा कापायचा, धान्य वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या मंडळाचे उत्पादन सांगायचे. संख्याशास्त्रातली 'नमुना निवड' ती हीच. ही पद्धत भारतात शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत एक मराठी माणूस आघाडीवर होता : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी आग्रहाने मांडले आणि त्यावरून प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा मोठा मतभेद झाला. महालनोबीस म्हणजे १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे. तो वाद वरवर पाहता एका तुकड्याच्या आकाराचा होता. पण तुकडा लहान, उत्पादन जास्त दिसले, तर आज त्याचा अर्थ काय? सोयाबीनवाल्याचा विमा कमी.

हा हिशेब तुम्हाला करता येतो का? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्या, त्यांची सरासरी काढा, तिला जोखीमस्तराने गुणा. महाराष्ट्रात तो ७० टक्के धरतात. हे झाले उंबरठा उत्पादन. समजा चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १,४०० किलो आहे. त्याचे ७० टक्के ९८० किलो. यंदा कापणी प्रयोगात मंडळाचे उत्पादन ७३५ किलो आले. तूट २४५ किलोंची, म्हणजे ९८० च्या २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर भरपाई १२,५०० रुपये. आकडे मी उदाहरणासाठी घेतले, रीत खरी आहे. दहावीचे गणित पुरते. तरी गावात हा हिशेब मांडून दाखवणारे किती जण आहेत? वडिलांना तो मांडून दाखवणारा पोरगा किंवा पोरगी प्रत्येक घरात का असू नये?

तिसरे उदाहरण आपल्या समाजाचे. २००५ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समिती नेमली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के, हे आकडे त्यातले. अहवालाचे काम आकड्यांवर उभे राहिले आणि त्यामागे समितीचे सदस्य-सचिव, अर्थतज्ज्ञ अबुसालेह शरीफ यांच्यासारखी हिशेब जाणणारी माणसे होती. महाराष्ट्रात २००८ मध्ये महमूद-उर-रहमान समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. तेव्हापासून आपण ह्याच दोन अहवालांची नावे घेत आलो आहोत. पण ते अहवाल आपल्यातल्या किती जणांनी उघडून पाहिले? त्यातले एखादे कोष्टक वाचून त्याचा अर्थ सांगता येईल का?

मोबाइलवर लोकसंख्येबद्दलचे निरोप फिरतात. त्यावर चिडून उत्तर देणारे शंभर असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडून दाखवणारा एखादाच. त्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुले १९९२-९३ मध्ये ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती २.३६ वर आली. हिंदू स्त्रीमागे ३.३ होती, ती १.९४ झाली. दोन्ही उतरल्या आणि दोघींतले अंतरही कमी झाले. ह्यात आवडणारे आणि न आवडणारे सगळे आले. कोष्टक जसे आहे तसे ठेवायचे, सोयीचा भाग उचलायचा नाही. संख्याशास्त्राचा पहिला धडा हाच आहे, आणि तो आपल्या बाजूच्या आकड्यांनाही लागू आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून आता ती व्हायची आहे. आज आपण सांगतो ते सगळे आकडे २०११ चे : महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के, हा आपला जिल्हा १६ लाख ५७ हजारांचा. उद्या नव्या आकड्यांचा ढीग येईल. तो वाचणारे आपल्यात असतील की पुन्हा कोणीतरी दुसरा वाचून आपल्याला सांगेल, हे आज तुम्ही काय शिकता त्यावर आहे.

केळीच्या गाड्यावरचे ॲनालिटिक्स

आता व्यवसायाकडे येऊ. डेटा ॲनालिटिक्स ह्या नावाला घाबरू नका. एखादा बागवान पहाटे केळी घेतो. डझन ३० रुपयांना घेतो, ४५ ला विकतो. संध्याकाळी उरलेली काळी पडायला लागतात, ती १० रुपयांत द्यावी लागतात. त्याने रोज किती डझन घ्यावीत?

बहुतेक लोक म्हणतील, रोज सरासरी जेवढी खपतात तेवढी. पण हिशेब करून पाहा. एक डझन कमी पडले तर हातचा १५ रुपये नफा जातो. एक डझन उरले तर २० रुपये तोटा. उरण्याचा मार मोठा आहे. अशा वेळी सूत्र असे : कमी पडल्याचे नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज. १५ भागिले ३५, म्हणजे साधारण ०.४३. मागच्या १०० दिवसांची मागणी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा आणि ४३ व्या क्रमांकावर जो आकडा येईल तेवढी केळी घ्या. मधल्या दिवसापेक्षा थोडी कमीच. खव्याचे गणित वेगळे निघेल, कारण खवा थंड ठेवता येतो, त्याचा उरण्याचा तोटा कमी. वर्तमानपत्रे विकणाऱ्याच्या नावाने हे गणित जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत शिकवतात. मोठ्या ऑनलाइन कंपन्या गोदामात किती माल भरायचा ते ठरवतात, त्याचे मूळही इथेच आहे.

ह्यासाठी काय लागले? १०० दिवसांची वही. तीच बहुतेकांकडे नसते. आपल्यात किराणा, फळे, मटण, कापड, चप्पल, गॅरेज, शिवणकाम असे किती धंदे आहेत! आणि आपला तालुका खव्यासाठी ओळखला जातो. कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दूध किती आले, खवा किती पडला, कोणत्या महिन्यात भाव काय, वाहतुकीत किती गेला, हे रोज लिहिणारा दुकानदार असेल तर त्याच्या वहीत एका विश्लेषकाला वर्षभर पुरेल एवढे काम आहे.

कुठून सुरू करायचे?

पहिली पायरी : दहावीचे बालभारतीचे गणित भाग १. त्यात शेवटची दोन प्रकरणे संभाव्यता आणि सांख्यिकी ही आहेत. मराठीत आहे, उर्दूतही आहे, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सरासरी, मध्यक, बहुलक, वर्गीकृत सारणी, आलेख एवढे पक्के करा. परीक्षेत गुण मिळाले म्हणजे पक्के झाले असे नाही. एका गल्लीतल्या १० घरांचे उत्पन्न घ्या. नऊ घरांत १५-१५ हजार आणि एका घरात दोन लाख. सरासरी निघते ३३,५००. त्या गल्लीत एकही घर ३३,५०० चे नाही. मध्यक १५,००० सांगतो. कोणता आकडा कधी सांगायचा, हे कळले की पहिली पायरी झाली.

दुसरी पायरी : स्प्रेडशीट. एक्सेल असेल तर एक्सेल, नसेल तर लिबरऑफिस कॅल्क, ते फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कॅल्कचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. छोटे धडे, ऐकायचे आणि तसेच करून पाहायचे. पिव्होट टेबल नीट आले तरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या कितीतरी कचेऱ्यांत, सहकारी पतसंस्थांत, दुकानांत तुमची गरज लागेल.

तिसरी पायरी : एसक्यूएल आणि एक भाषा, आर किंवा पायथन. दोन्ही फुकट. आर ही भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तयार केली आणि जगाला मोफत दिली. गुगल कोलॅबवर पायथन ब्राउझरमध्येच चालते, म्हणून जुना लॅपटॉपही चालतो. कॅगलवर छोटे मोफत धडे आहेत आणि सराव करायला हजारो डेटासंच आहेत.

चौथी पायरी : खरे संख्याशास्त्र. खान ॲकॅडमीवर पायापासून शिकवलेले आहे. जॉश स्टार्मर यांचे स्टॅटक्वेस्ट हे यूट्यूब चॅनल अवघड गोष्ट चित्रे काढून सोपी करते. ओपनइंट्रो स्टॅटिस्टिक्स हे पुस्तक मोफत उतरवून घेता येते. त्यापुढे जेम्स, विटन, हेस्टी आणि टिबशिरानी यांचे 'ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' हे पुस्तक लेखकांनीच मोफत ठेवले आहे. त्याची आवृत्ती आरसाठीही आहे, पायथनसाठीही. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे अभ्यासक्रम आणि स्वयम हे सरकारी व्यासपीठ इथे शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिचेच शुल्क असते.

पदवीचे काय? बारावीनंतर संख्याशास्त्र हा विषय घेऊन बी.एस्सी. करता येते. एम.एस्सी.साठी छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर आणि पुणे ह्या विद्यापीठांत संख्याशास्त्राचे शिक्षण आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची बी.स्टॅट. ही देशातली फार मानाची पदवी. प्रवेश परीक्षा कठीण आहे, पण शिकवणी शुल्क नाही आणि वर विद्यावेतन मिळते. आपल्याकडे ही परीक्षा असते हेच मुलांना माहीत नसते.

ज्या बहिणींना घर सोडून शहरात राहणे शक्य नाही, त्यांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवे. आधी काही आठवड्यांचा पात्रता अभ्यास आणि परीक्षा, मग प्रवेश. व्याख्याने घरून, परीक्षा केंद्रावर. मध्येच थांबावे लागले तरी त्या पायरीचे प्रमाणपत्र किंवा पदविका हातात राहते. पूर्ण पदवीचे शुल्क कमी नाही, पण कौटुंबिक उत्पन्नानुसार सवलत आहे, तिची कागदपत्रे आधी तयार ठेवा.

सरकारी नोकरीचाही रस्ता आहे. यूपीएससी दरवर्षी भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेते. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद असते. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात त्याचे कार्यालय आहे. आपल्याकडे स्पर्धा परीक्षा म्हटले की पोलीस भरती आणि तलाठी. सांख्यिकी सेवेला अर्ज करायला पदवीत संख्याशास्त्र लागते, म्हणून हा निर्णय बारावीनंतर लगेच घ्यावा लागतो.

'हमखास नोकरी'वाल्यांविषयी

आता एक कडू गोष्ट. डेटा सायन्सच्या नावाने सहा महिन्यांत मोठ्या पगाराची हमी देणारे वर्ग शहरोशहरी आहेत. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने दुकानावर कर्ज काढून मुलाला अशा एका वर्गाला घातले. हप्ते दोन वर्षे चालले. मुलाला सॉफ्टवेअरची बटणे कळली. पण प्रमाण विचलन म्हणजे काय, हे मुलाखतीत विचारले तेव्हा सांगता आले नाही. मुलगा हुशार आहे, मेहनती आहे. त्याला विकत दिली ती वस्तूच पोकळ होती.

पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः हे काम कुठे केले आहे? मागच्या तुकडीतल्या पाच जणांशी आम्हाला बोलता येईल का? नोकरीची हमी लेखी आहे का, आणि तिच्या अटी काय? मध्ये सोडले तर पैसे परत मिळतात का? हप्ता म्हणून जे सांगता ते कोणत्या वित्तसंस्थेचे कर्ज आहे का? उत्तर देताना समोरचा गडबडला, की उठून या. सगळे वर्ग वाईट नसतात. पण फुकटचे शिक्षण तीन महिने करून पाहिल्याशिवाय कुठेही एक रुपया भरू नका. तीन महिने टिकलात तर वर्गाची गरज आहे की नाही ते तुम्हालाच कळेल.

माझा अंदाज विचाराल तर रोज दोन तास दिले तर नोकरीला लायक व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगितले की कोड लिहून देतात. म्हणजे नुसता कोड येणाऱ्याची किंमत उतरते. नमुना बरोबर होता का, आकड्याचा अर्थ काय, मालकाला काय सांगायचे, हे ज्याला कळते त्याची किंमत राहते.

एकट्याने का शिकू नये

फुकटचे अभ्यासक्रम सुरू करणारे पुष्कळ असतात, पुरे करणारे थोडे. ह्याचे कारण आळस एवढेच नसते. दुसऱ्या आठवड्यात एखादी अडचण येते, विचारायला कोणी नसते आणि माणूस गुपचूप थांबतो. शहरातल्या मुलाला वर्गमित्र असतो, ऑफिसमधला वरिष्ठ असतो. आपल्याला ही सोबत मुद्दाम उभी करावी लागते.

जगभर ह्या व्यवसायातली माणसे एकमेकांना विनामूल्य मदत करतात. क्रॉस व्हॅलिडेटेड ह्या ठिकाणी संख्याशास्त्राचे प्रश्न विचारले जातात आणि कधी कधी नामवंत प्राध्यापक उत्तर देतात. आर-लेडीज ही स्त्रियांची संघटना २०१२ मध्ये सान फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि आज देशोदेशी तिच्या शाखा आहेत. भारतात २०११ पासून डेटामीट नावाचा समूह आहे, तो खुल्या सरकारी डेटावर काम करतो. पुण्यात पायथन आणि डेटाच्या मोफत बैठका होतात. अशा ठिकाणी तुमचे आडनाव, तुमचे गाव कोणी विचारत नाही. तुमचा प्रश्न कसा आहे ते पाहतात.

म्हणून प्रश्न विचारायला शिका. "प्लीज हेल्प, अर्जंट" असे लिहिले की कोणी वळून पाहत नाही. मला काय करायचे आहे, मी काय करून पाहिले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, ह्या चार ओळी लिहा. इंग्रजी मोडकेतोडके चालते. माझे पहिले प्रश्न तसेच होते, उत्तरे नीट आली.

आणि आपण उत्तर मिळवले की पुढच्याला द्यायचे. वारशाचे म्हणाल तर नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यासाठी अक्षरे किती वेळा येतात ते मोजायची पद्धत लिहून ठेवली. 'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. ही नावे आपण अभिमानाने घेतो. पण त्यांनी केले ते काम होते : मोजले, लिहिले, दुसऱ्याला शिकवले. आपण त्यातले काय करतो, ते पाहू.

भूममध्ये काय करता येईल

माझी सूचना साधी आहे. पाच जणांचा गट करा, त्यात किमान दोन मुली असू द्या. पाच जणांत एक जुना लॅपटॉप पुरतो. जागा शाळेची, वाचनालयाची किंवा कोणाच्या घराची ओसरी. आठवड्यातून एकदा दोन तास. त्यात एकाने शिकलेले दुसऱ्यांना समजावून सांगायचे. ज्याला समजावता आले नाही, त्याने पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायचे.

पहिल्या बैठकीला पेढे आणा. आठ पेढे, चार कुंथलगिरीचे आणि चार दुसरीकडचे, सगळे सारख्या कागदात. "मी चवीवरून ओळखतो" म्हणणाऱ्याला त्यातले कुंथलगिरीचे चार निवडायला सांगा. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १ आहे. तीन किंवा जास्त बरोबर येण्याची ७० मध्ये १७, म्हणजे जवळपास चारात एक. तेव्हा चारही ओळखले तर त्याची जीभ मानू. तीन ओळखले तर सध्या थांबू. इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाच्या आठ कपांवर हाच प्रयोग मांडला : आधी दूध घातले की आधी चहा, हे एक बाई चवीवरून सांगू शकते का? औषध लागू पडते का, जाहिरातीने विक्री वाढली का, हे आज त्याच विचाराने तपासतात. ७० आणि १७ हे आकडे कसे आले ते तुम्ही स्वतः काढा. पहिला गृहपाठ तोच.

मग खरे काम. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन' काढते. मराठीत, तालुकावार कोष्टकांसह. आपला भूम आणि शेजारचे परांडा, वाशी, कळंब यांची तुलना करा : शाळा, दवाखाने, ओलिताखालचे क्षेत्र. आपला जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. देशातले ११२ जिल्हे, आरोग्य, शिक्षण, शेती अशा क्षेत्रांतले ४९ निर्देशक. त्यातला एक घ्या आणि तो कसा मोजतात ते शोधा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्ह्याचे पत्रक वाचा. श्रमशक्ती सर्वेक्षणाचा मूळ डेटा केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून मोफत मिळतो, तो उघडून पाहा. त्यात धर्माचा रकाना आहे. पण सावध राहा. त्या नमुन्यात एका तालुक्यातली घरे फार थोडी असतात. त्यावरून भूमच्या मुसलमानांविषयी काही सांगितले तर ते चूक ठरेल. राज्यापुरते बोलता येईल. कुठे थांबायचे हे सांगणारा अभ्यासक लोकांना विश्वासाचा वाटतो.

आणि शेवटी एका दुकानदाराला पकडा. चाचांना सांगा, "शंभर दिवस वही आम्ही लिहितो." शंभराव्या दिवशी एका पानावर सांगा की माल किती घ्यावा, कोणता वार मंदा असतो, उधारी कुठे अडकते. त्यांचे महिन्याला पाचशे रुपये वाचले तरी ते तुमचे पहिले खरे काम. मुलाखतीला जाल तेव्हा विकतच्या प्रमाणपत्राच्या दहापट हे पान बोलेल. मी स्वतः उमेदवारांच्या मुलाखती घेतो, म्हणून खात्रीने सांगतो. सगळे जण इंटरनेटवरचा तोच तो डेटा दाखवतात. भूमच्या बाजारातला शंभर दिवसांचा हिशेब दाखवणारा आला, तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकेन.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलीने लॅपटॉप मागितला तर तो खर्च धरू नका. आणि पोराने तीन महिन्यांत कमाई दाखवावी, असा तगादा लावू नका. झाड लावल्यावर रोज उकरून मूळ पाहत नाहीत.

भाषण संपले की इथे एक वही ठेवली आहे. ज्यांना गटात यायचे आहे त्यांनी नाव, शिक्षण आणि एक प्रश्न लिहायचा : आपल्या गावाविषयी तुम्हाला कोणता आकडा जाणून घ्यायचा आहे? पहिली बैठक येत्या रविवारी. मी फोनवरून बरोबर असेन. पेढ्यांचे पैसे माझ्याकडून.